ग्रह फिरतात कसे आणि पडत का नाहीत? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपुढच्या रांगेत, शाळांमधल्या कार्यक्रमांनंतर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्नांचा धागा एकच असेल तिथे क्रमांक दिला आहे. गुणाकार आणि वर्गमूळ येत असलं की पुरे.

१. सूर्य पृथ्वीला सारखा ओढतोय, मग पृथ्वी सूर्यात जाऊन पडत का नाही?

पडतेय की! दर सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर पडते. पण त्याच एका सेकंदात ती बाजूला जवळपास ३० किलोमीटर निघून गेलेली असते.

सूर्य नसता तर पृथ्वी नाकासमोर सरळ गेली असती. सूर्य असल्यामुळे त्या सरळ रेषेपासून सेकंदाभरात ३ मिलिमीटर आत येते. पुढच्या सेकंदाला परत तेच, फक्त आता ‘सूर्याकडे’ ही दिशाच केसभर बदललेली असते. हे तीन-तीन मिलिमीटर वर्षभर साचत गेले की रेघ वळत वळत आपल्याच सुरुवातीला येऊन मिळते. हीच कक्षा.

३० किलोमीटर पुढे, ३ मिलिमीटर आत. हे दोन आकडे लक्षात ठेवलेत तर खालचे निम्मे प्रश्न तुम्हीच सोडवाल.

२. आणि पृथ्वी अचानक थांबली तर?

मग मात्र सरळ सूर्यात. बाजूची गती शून्य झाली तर पृथ्वीला सूर्यापर्यंत पोचायला सुमारे साडेचौसष्ट दिवस लागतील. पहिल्या दिवशी फारसं काही कळणारही नाही. शेवटच्या आठवड्यात सगळा खेळ.

३. ही बाजूची गती पृथ्वीला दिली कोणी? इतक्या वर्षांत ती संपली कशी नाही?

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि ग्रह वायू-धुळीच्या एकाच ढगातून तयार झाले. तो ढग आधीपासूनच हळूहळू गरगरत होता. आकसत गेला तसा वेग वाढत गेला. त्यातल्या ज्या मालाला बाजूची गती पुरेशी नव्हती तो केव्हाच सूर्यात जमा झाला. आज आपल्याला दिसतात ते शिल्लक राहिलेले.

संपत नाही, कारण संपवायला काही नाही. रस्त्यावरची सायकल थांबते ती घर्षणामुळे आणि हवेमुळे. ग्रहांच्या वाटेत हवा नाही. सूर्याची ओढ आहे, पण ती जवळजवळ काटकोनात आहे. त्यामुळे ती दिशा वळवते, वेग खाऊन टाकत नाही. (‘जवळजवळ’ का म्हटलं ते प्रश्न ७ मध्ये.)

४. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, अपकेंद्री बल बाहेर ढकलतं, दोन्ही सारखी झाली की ग्रह कक्षेत राहतो. शाळेत असंच शिकलोय. बरोबर ना?

सर्वात चिवट गैरसमज हाच. दोन बलं खरोखर एकमेकांना पुसत असती तर पृथ्वीवर निव्वळ बल शून्य झालं असतं, आणि शून्य बल असलेली वस्तू वळत नाही, सरळ जाते. पृथ्वी वळते याचाच अर्थ हिशेब बरोबरीत सुटलेला नाही. बल एकच आहे, आतल्या दिशेचं. दहावीच्या पुस्तकात त्याला अभिकेंद्री बल म्हटलंय, ते हेच.

एसटी घाटात वळते तेव्हा तुम्ही खिडकीकडे फेकले जाता असं वाटतं. खरं तर तुम्ही सरळ चाललेले असता, बस तुमच्या खालून वळते आणि खिडकी येऊन तुम्हाला आत रेटते. गोफण गरगरा फिरवून एक दोरी सोडली तर दगड बाहेरच्या बाजूला उडत नाही, त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच सरळ सुटतो. गोफणीची उपमा तेवढ्यापुरती चांगली. पुढे ती फसवते, कारण दोरीची लांबी ठरलेली असते आणि गुरुत्वाकर्षणाची नसते.

एक सूट देतो. फिरत्या चौकटीत बसून, म्हणजे स्वतः फिरणाऱ्याच्या नजरेने, गणित करायचं ठरवलं तर अपकेंद्री बल घेणं चूक नाही, सोयीचंच असतं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरचा एल-१ बिंदू, जिथे ६ जानेवारी २०२४ ला आदित्य एल-१ पोचलं, तो असाच काढतात. पण मग ती चौकट फिरतेय हे आधी कबूल करावं लागतं.

५. अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणूनच अंतराळवीर तरंगतात ना?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. मुंबई-गोवा अंतरही त्याहून कमी नाही. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ८८-८९ टक्के असते. २०२५ साली शुभांशू शुक्ला तिथे तरंगताना दिसले ते ओढ नव्हती म्हणून नाही. ते, त्यांचं स्थानक आणि हातातून सुटलेलं पेन हे सगळं एकाच दराने पडत होतं. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या माणसाला काय वाटेल ते आठवा, फक्त इथे तळमजला येतच नाही.

तो का येत नाही, ते न्यूटनने डोंगरावरच्या तोफेची कल्पना करून सांगितलं. आपण तोफ कळसूबाईवर ठेवू आणि हवा नाही असं समजू. गोळा पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येणार, मग तो कितीही जोरात आडवा मारा. पण पृथ्वी गोल आहे, आणि दर ७.९ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही ४.९ मीटर खाली वळतो. गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर ठेवला तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीन खाली सरकेल. साधारण ८४ मिनिटांनी गोळा मागून येईल, म्हणून तोफखान्याने डोकं खाली ठेवावं.

रॉकेटचं बरंचसं इंधन म्हणूनच उंच जाण्यात नाही, आडवा वेग मिळवण्यात जातं. नुसतं ४०० किलोमीटर वर जाऊन इंजिन बंद केलंत तर सरळ परत खाली याल.

६. कक्षा लंबवर्तुळाकार का असते? वर्तुळ का नाही?

वर्तुळासाठी वेग अगदी नेमका आणि दिशा अगदी काटकोनातली लागते. जरा इकडे-तिकडे झालं की लंबवर्तुळ. अपवाद खरं तर वर्तुळ आहे.

हे केप्लर या खगोलशास्त्रज्ञाच्या गळी मंगळाने उतरवलं. त्याच्या आधीच्या ट्युको ब्राहे या निरीक्षकाने दुर्बिणीविना घेतलेल्या मंगळाच्या नोंदी वर्तुळात बसवताना ८ कला म्हणजे ८ मिनिटं कोनाची चूक उरत होती. पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा! दुसरा कोणी असता तर नोंदींना दोष देऊन मोकळा झाला असता. केप्लरचा ट्युकोच्या नोंदींवर विश्वास होता, म्हणून त्याने वर्तुळ सोडलं. त्याचे ग्रहगतीचे पहिले दोन नियम (एक हा लंबवर्तुळाचा, दुसरा प्रश्न ७ मधला) १६०९ साली छापले गेले.

आता पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांबद्दल एक तक्रार. त्यांत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी काढतात. ती तशी नाही. घरी करून पाहा: कागदावर दोन टाचण्या ३.३ मिलिमीटर अंतरावर टोचा, त्यांच्याभोवती दोऱ्याचा फास टाका आणि पेन्सिलीने ताणून २० सेंटिमीटर लांबीचं लंबवर्तुळ काढा. तेच पृथ्वीच्या कक्षेचं प्रमाणशीर चित्र. त्याची रुंदी लांबीपेक्षा किती कमी भरेल? मिलिमीटरच्या तीन शतांशाहूनही कमी. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. सूर्य मात्र मधोमध नसतो. तो दोनपैकी एका टाचणीवर, म्हणजे मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर सरकलेला. कक्षा जवळपास गोल आहे, फक्त सूर्य तिच्या मध्यावर बसलेला नाही, असं म्हटलं तर ते सत्याच्या जास्त जवळ जातं.

बुधाची आणि प्लुटोची कक्षा मात्र खरीच ढळलेली आहे. धूमकेतूंची तर विचारू नका.

७. पृथ्वीचा वेग वर्षभर सारखा असतो का?

नाही. जानेवारीच्या ३-४ तारखेला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ, १४.७१ कोटी किलोमीटरवर असते. तेव्हा वेग सेकंदाला ३०.३ किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला सर्वात दूर, १५.२१ कोटी किलोमीटर, आणि वेग २९.३. जवळ येताना ओढ थोडी पुढच्या दिशेने लागते आणि वेग वाढतो, दूर जाताना ती मागून खेचते आणि वेग उतरतो. वर्षाअखेर जमाखर्च शून्य. केप्लरचा दुसरा नियम हेच क्षेत्रफळाच्या भाषेत सांगतो: सूर्य आणि ग्रह जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ झाडून काढते.

हॅलेच्या धूमकेतूत हा फरक ठळक होतो. सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला ५४ किलोमीटरच्या आसपास, आणि दूरच्या टोकाला एक किलोमीटरही नाही. ९ डिसेंबर २०२३ ला तो त्या टोकावरून परत फिरला. २०६१ मध्ये येईल.

८. जानेवारीत सूर्य जवळ असतो म्हणता, मग तेव्हा थंडी का?

ऋतू अंतरामुळे होत नाहीत. पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला आहे, त्यामुळे होतात. अंतरातला फरक जेमतेम साडेतीन टक्के. जानेवारीत ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळा असतो, एवढी एक गोष्ट आठवली तरी पुरे.

९. वेगातला हा फरक इतका किरकोळ आहे, तर आपल्याला तो कुठे दिसतो का?

घरातल्या भिंतीवर दिसतो. कालनिर्णय काढा आणि मार्चमधल्या विषुवदिनापासून सप्टेंबरमधल्या विषुवदिनापर्यंत दिवस मोजा: सुमारे १८६. सप्टेंबर ते मार्च सुमारे १७९. अर्धी-अर्धी प्रदक्षिणा, तरी आठवडाभराचा फरक. हिवाळ्याच्या बाजूला पृथ्वी जोरात पळते.

आता संक्रांती बघा. सूर्य मिथुन राशीत सुमारे साडेएकतीस दिवस असतो (जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत). धनु राशीत मात्र, डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत, जेमतेम साडेएकोणतीस. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत येत नाही तो अधिक. साडेएकतीस दिवसांच्या सौरमासात आख्खा चांद्रमास सहज मावतो, साडेएकोणतीस दिवसांच्यात मावणं जवळपास अशक्य. गेल्या काही वर्षांतले अधिक मास आठवा: २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण, २०२६ ज्येष्ठ. अधिक पौषाचं वाण जावयाला दिल्याचं कोणाच्या ऐकिवात आहे?

उलटही घडतं. हिवाळ्यातल्या एकाच चांद्रमासात क्वचित दोन संक्रांती सापडतात आणि तो महिना गळतो. हा क्षयमास. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये असा आला होता. केप्लरचं नाव न घेता पंचांगकर्ते हा दुसरा नियम शतकानुशतकं वापरत आलेत, असं मी म्हणतो. त्यावर माझ्याशी वाद घालणारेही आहेत.

१०. साडेसाती साडेसातच वर्षांची का?

साडेसातीने काय होतं, हा प्रश्न या पानाचा नाही. ती किती चालते, हा मात्र शुद्ध भौतिकशास्त्राचा आहे.

केप्लरचा तिसरा नियम: सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत घ्या, त्याचा घन करा, वर्गमूळ काढा, की प्रदक्षिणेला लागणारी वर्षं मिळतात. शनी ९.५४ पट दूर. घन सुमारे ८६८, वर्गमूळ साडेएकोणतीस. बारा राशींत साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीत जवळपास अडीच. जन्मराशीच्या आधीची, जन्मराशी आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा, हे नावही त्यावरूनच. मंगळाच्या (१.५२ पट, ६८७ दिवस) तीन राशी सहा महिन्यांच्या आतच आटपल्या असत्या.

गुरू ५.२ पट दूर, प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची. म्हणून तो दर बारा वर्षांनी सिंह राशीत येतो आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला कन्यागत. पण ११.८६ म्हणजे १२ नव्हे. दर फेरीत गुरू सुमारे पावणेदोन महिने लवकर येतो, सात फेऱ्यांत वर्ष होतं. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२२ ऐवजी २०२१ लाच भरला त्याचं कारण हेच.

११. जड ग्रहाला फिरायला जास्त वेळ लागतो का?

नाही. वरच्या हिशेबात वस्तुमान कुठे आलं का? जड वस्तूवर ओढ जास्त, पण तिला हलवायला जोरही तेवढाच जास्त लागतो, त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून कटतं. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं, दोन्ही बरोबरच खाली आली. पृथ्वीच्या जागी दगड ठेवलात तरी त्याचं वर्ष ३६५ दिवसांचंच.

खाच एवढीच, की फिरणारा सूर्याच्या मानाने नगण्य असावा लागतो. गुरू नगण्य नाही. सूर्य आणि गुरू दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, आणि ते केंद्र सूर्याच्या मध्यापासून सुमारे ७.४ लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या थोडं बाहेर पडतं. दूरच्या ताऱ्यांची अशीच डगमग पाहून त्यांचे ग्रह सापडतात. १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह तसाच सापडला.

१२. ग्रह वक्री होतो म्हणजे उलटा फिरायला लागतो का?

फास्ट लोकलमधून शेजारच्या रुळावरची स्लो लोकल पाहिली आहे ना? दोन्ही एकाच दिशेला जात असतात, तरी तुम्ही तिला गाठून पुढे निघता तेव्हा ती मागे सरकल्यासारखी दिसते. पृथ्वी आतल्या रुळावर आणि वेगात, मंगळ बाहेरच्या रुळावर आणि हळू. सुमारे २६ महिन्यांनी आपण त्याला मागे टाकतो तेव्हा दोन-अडीच महिने तो वक्री दिसतो. १६ जानेवारी २०२५ च्या आगेमागे असंच झालं. बुध-शुक्र वक्री होतात तेव्हा फास्ट लोकलमध्ये ते असतात आणि मागे आपण पडतो.

सूर्य आणि चंद्र कधीच वक्री होत नाहीत. राहू-केतू नेहमीच वक्री, कारण त्या वस्तू नाहीत. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथे एकमेकींना छेदतात ते ते बिंदू आहेत, आणि ते १८.६ वर्षांत एक उलटी फेरी पूर्ण करतात.

१३. भास्कराचार्यांनी न्यूटनच्या ५०० वर्षं आधी गुरुत्वाकर्षण शोधलं होतं, हे खरं का?

अर्धं खरं. फॉरवर्डमध्ये नेमकं उरलेलं अर्धंही खपवतात.

११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्य सांगतात की पृथ्वीत आकृष्टिशक्ती आहे, तिच्यामुळे वस्तू तिच्याकडे खेचली जाते आणि आपल्याला ती पडल्यासारखी वाटते. गोल पृथ्वीच्या खालच्या बाजूची माणसं पडत का नाहीत, या प्रश्नाला हे फार देखणं उत्तर आहे.

त्यात नाही ते हे: अंतर दुप्पट झालं तर ओढ चौथाई होते हा नियम, आणि आंबा पाडणारी ओढच चंद्राला वळवते ही एकी. न्यूटनने १६८७ मध्ये हे दोन्ही आकड्यांनिशी मांडलं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून ६० त्रिज्यांवर आहे, म्हणजे ओढ ६० गुणिले ६०, ३,६०० पटीने कमी हवी. इथे आंबा पहिल्या सेकंदाला ४.९ मीटर पडतो, तर चंद्र सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर. भागाकार करून पाहा, जुळतो. भास्कराचार्यांचे ग्रह पृथ्वीभोवती फिरत होते, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नव्हता. जे त्यांनी केलं तेच पुरेसं मोठं आहे, त्यात आपण भर घालायची गरज नाही.

१४. सगळे ग्रह एका रेषेत आले की भूकंप होतात का? आपलं वजन कमी होतं का?

हा प्रश्न दरवर्षी येतो. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीत देशभर यज्ञ झाले, लोक धास्तावून घरात बसले. घरोघरी वडीलधाऱ्यांना ती आठवण आहे. काही झालं नाही.

हिशेब करू. गुरू सर्वात दांडगा, पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा. पण जवळात जवळ आला तरी ५८ कोटी किलोमीटरच्या पलीकडे. तिथून त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे ३ कोटी भागांपैकी एक भाग. ६० किलोच्या माणसावर ती २ मिलिग्रॅमच्या वजनाइतकी भरते, म्हणजे खसखशीचे पाच-सहा दाणे. आणि तेवढीही जाणवत नाही, कारण गुरू तुम्हाला ओढतो तसाच तुमच्या पायाखालच्या जमिनीलाही ओढतो. बाकी ग्रहांची बेरीज याहूनही कमी.

१५. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा जास्त जोरात ओढतो म्हणे. मग चंद्र आपल्याकडे कसा राहिला?

म्हणे नव्हे, खरंच. चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुपटीहून जास्त आहे. पहिल्यांदा ऐकल्यावर माझाही विश्वास बसला नव्हता, कागदावर मांडून पाहिलं.

उत्तर मागच्या प्रश्नातल्या शेवटच्या मुद्द्यातच आहे. सूर्य चंद्राला ओढतो तसाच पृथ्वीलाही ओढतो, जवळजवळ तितक्याच प्रमाणात. दोघं बरोबरच पडतात. चंद्राला पृथ्वीपासून तोडायला उपयोगी पडेल तो फक्त दोन्ही ओढींमधला फरक, आणि तो अगदी थोडा आहे.

म्हणूनच सूर्याच्या बाजूने पाहिलं तर चंद्राची वाट स्प्रिंगसारखी वेटोळी घेत नाही. ती पृथ्वीच्या वाटेसारखीच, कायम सूर्याकडे वळलेली असते, फक्त कधी थोडी आत, कधी थोडी बाहेर.

१६. चंद्र आपल्यापासून दूर चाललाय का?

हो, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. नखं वाढतात साधारण त्याच चालीने. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर मारून हे मोजतात. कारण भरती: पृथ्वी स्वतःभोवती चंद्राच्या प्रदक्षिणेपेक्षा कितीतरी वेगाने फिरते, त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे जातो आणि चंद्राला पुढे ओढतो. बदल्यात पृथ्वीची गिरकी मंदावते, दिवस शतकाला सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो.

मंगळाच्या फोबोसचं नेमकं उलटं. तो मंगळाला पावणेआठ तासांतच फेरी मारतो, मंगळाच्या स्वतःभोवतीच्या गिरकीपेक्षा लवकर. त्याच्या बाबतीत फुगवटा मागे राहतो आणि त्याला मागे खेचतो. फोबोस खाली खाली येतोय, आणि काही कोटी वर्षांत फुटेल किंवा आदळेल.

१७. मंगळयान सरळ मंगळाकडे का नाही सोडलं? आधी पृथ्वीभोवती इतके दिवस का फिरत होतं?

५ नोव्हेंबर २०१३ ला ते निघालं ते पीएसएलव्हीवरून, आणि त्या रॉकेटमध्ये एका झटक्यात मंगळाकडे फेकण्याइतका दम नव्हता. म्हणून झोका चढवावा तसं केलं: यान पृथ्वीच्या सर्वात जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं. गंमत अशी, की जवळच्या टोकाला वेग वाढवला की कक्षेचं दूरचं टोक उंचावतं. असं करत दूरचं टोक १,९२,००० किलोमीटरच्या पलीकडे गेलं आणि १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर यानाने पृथ्वी सोडली.

तिथून पुढे इंजिन जवळपास बंदच. यान सूर्याभोवतीच्या नव्या लंबवर्तुळावर निघालं होतं, एका टोकाला पृथ्वीची कक्षा, दुसऱ्या टोकाला मंगळाची. मंगळ त्या ठिकाणी त्याच वेळी हवा, म्हणून अशी संधी २६ महिन्यांतून एकदाच (प्रश्न १२ मधलेच २६ महिने). तिथे पोचल्यावर ब्रेक लावला नाही तर यान मंगळाला ओलांडून जाणार. जवळपास ३०० दिवस झोपलेलं मुख्य इंजिन २२ सप्टेंबर २०१४ ला चार सेकंद चालवून पाहिलं, आणि २४ तारखेला सकाळी त्याने ब्रेक लावला.

याच विषयातली सर्वात उफराटी गोष्ट: एकाच कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं असेल तर वेग वाढवायचा नाही, कमी करायचा. वेग कमी केला की यान खालच्या, छोट्या कक्षेत उतरतं आणि तिथे फेरी लवकर पूर्ण होते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हे करून पाहू नये.

१८. सूर्याचं कृष्णविवर झालं तर तो आपल्याला गिळेल का?

वस्तुमान तेवढंच राहिलं तर नाही. अंधार आणि गारठा होईल, पण ३० किलोमीटर आणि ३ मिलिमीटरचा हिशेब तसाच चालू राहील. सूर्याला तसं व्हायला पुरेसं वस्तुमानच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि सूर्य एकदम नाहीसाच झाला तर? ते आपल्याला, आणि पृथ्वीलाही, ८ मिनिटं २० सेकंदांनी कळेल.

१९. न्यूटन चुकला होता असं वाचलं. नक्की कुठे?

युरेनस ठरलेल्या वाटेवरून ढळत होता. ल व्हेर्ये या फ्रेंच गणितज्ञाने, कोणी न पाहिलेला ग्रह त्याला ओढत असणार असं मानून त्याची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गालेने तिकडे दुर्बीण वळवली आणि सांगितल्या जागेपासून अंशभराच्या आत नेपच्यून सापडला. न्यूटनच्या सिद्धान्ताचा याहून मोठा विजय नसेल.

ल व्हेर्येने मग बुध हातात घेतला. बुधाचं लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू वळतं. इतर ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब लावूनही शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) उरत होत्या. या दराने एक अंश व्हायला ८,००० हून जास्त वर्षं लागतील! त्याने पुन्हा न दिसलेला ग्रह सुचवला, नावही ठरलं, व्हल्कन. लोकांनी तो ‘पाहिला’सुद्धा. तो नव्हताच. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणांतून नेमक्या त्याच ४३ विकला निघाल्या. मंगळयान पाठवायला न्यूटन पुरतो. सूर्याच्या इतक्या जवळ तो किंचित कमी पडतो.

२०. प्लुटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो. मग टक्कर?

१९७९ ते १९९९ प्लुटो खरोखरच नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. टक्कर होत नाही, कारण प्लुटोची कक्षा १७ अंश कललेली आहे, आणि मुख्य म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लुटोच्या बरोबर दोन. प्लुटो आत येतो तेव्हा नेपच्यून नेहमीच भलतीकडे असतो. २००६ मध्ये प्लुटोचं ग्रहपद गेलं, पण या वेळापत्रकावर त्याचा काही परिणाम नाही.

२१. मग हे सगळं कायम असंच चालणार का?

बहुतेक. ग्रह एकमेकांना थोडं थोडं ओढत राहतात आणि कोट्यवधी वर्षांत ते साचतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लास्कर आणि गास्तिनो यांनी पुढच्या ५०० कोटी वर्षांची सुमारे अडीच हजार भविष्यं संगणकावर चालवून पाहिली. प्रत्येकाची सुरुवात एकमेकांपासून अगदी किंचित वेगळी. सुमारे एक टक्क्यात बुधाची कक्षा इतकी लांबुळकी झाली की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकतो. उरलेल्या ९९ टक्क्यांत बुध ५०० कोटी वर्षं निवांत फिरतो, आणि मग म्हातारा होऊन फुगलेला सूर्यच त्याला गिळतो.